न बोंबललेला पट्टा

मंजूचा जबडा मोडला तेव्हा रणधीर शेलारने नुसती मूठ वापरली होती. टॉमी त्याने दुसऱ्या वेळी काढली. टॉमी म्हणजे ट्रकचं चाक काढायची लोखंडी कांब. पोकलेनच्या धंद्यातला माणूस, त्याच्या गाडीत ती कायम पडलेली असायची. ती त्याने बायकोच्या गुडघ्यावर घातली. भाजीत मीठ नव्हतं म्हणून, असं संगमनेरात सगळे सांगतात. मीठ होतं. मंजूची थोरली बहीण हर्षदा त्या संध्याकाळी धावत गेली, तेव्हा तिने ती भाजी बोट लावून चाखून बघितली होती. कारणबिरण काही नसतं हो. माणसाला मारायचं असतं, आणि तो मारतो.

कोर्टाने त्याला आत टाकलं, मग जामिनावर सोडलं, आणि सोडताना त्याच्या डाव्या घोट्यावर एक काळा पट्टा आवळला. 'अभय' योजनेतला. हा पट्टा उपग्रहांकडून स्वतःची जागा ओळखायचा आणि ती दर मिनिटाला कळवत राहायचा. रणधीर संगमनेरात, मंजू नाशकात. त्याने हद्द ओलांडली की मंजूच्या भिंतीवरचा दिवा लाल होणार, भोंगा वाजणार, पोलिसांची गाडी निघणार. पट्टा कापला तरी लाल. पट्ट्याशी संपर्क तुटला तर पिवळा. आणि तो मुकाट्याने आपल्या गावात आहे तोवर हिरवा. शिवाय फोनमध्ये नकाशा, आणि त्या नकाशावर रणधीरच्या नावाचा ठिपका.

"दिवा हिरवा आहे तोवर तू राणी आहेस," हर्षदाने तिला बजावलं होतं. "पिवळा झाला की दाराला कडी. लाल झाला तर मागच्या दाराने सरळ पोलीस चौकीत."

"कळलं गं ताई. मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

ती कुक्कुलं बाळ नव्हतीच. लंगडत का होईना, वर्षभरात ती उभी राहिली. सिडकोत एक गाळा घेतला आणि त्यात मसाल्याचा डंक टाकला. डंक ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुरुषभर उंचीची लोखंडी मुसळं मोटरवर वर उचलली जातात आणि आळीपाळीने धाडकन खालच्या उखळांत आदळतात. मिरची टाका, धणे टाका, खोबरं टाका, सगळ्याचा भुगा. डंक चालू असला की शेजारी बॉम्ब फुटला तरी ऐकू यायचा नाही, फोनबिन तर लांबच राहिला. म्हणून तर अभयवाल्यांनी दिवा डंकासमोरच्या भिंतीवर, अगदी मंजूच्या नजरेसमोर लावून दिला होता. गाळ्याला जाळीचं लोखंडी दार होतं. दिवा हिरवा असेल तर जाळी उघडी, आणि गिऱ्हाइकांची ये-जा चालू.

आता, पट्टा जे कळवायचा ते कुणाला? तर क्लाउडला. नाव ढगाचं असलं तरी ही गोष्ट जमिनीवरच असते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत 'नभांगण' नावाच्या कंपनीचा एक गारढोण हॉल होता, त्यात संगणकांची कपाटं ओळीने उभी होती, आणि अर्ध्या महाराष्ट्राची यंत्रं त्या कपाटांशी बोलत असायची. हर्षदा गाडेकर तिथेच नोकरीला होती. बहिणीच्या जिवाची राखण करणारा ठिपका आपल्याच हॉलमधून जातो, याचं तिला फार बरं वाटायचं.

पट्टा आणि क्लाउड बोलायला लागण्याआधी एकमेकांची ओळख पटवतात आणि मग कुलूपबंद भाषेत बोलतात. त्या कुलपामागचं गणित साधं होतं. दोन प्रचंड संख्यांचा गुणाकार कुठलाही संगणक चुटकीसरशी करतो. पण नुसता गुणाकार हातात ठेवून मूळच्या दोन संख्या शोधा म्हटलं, तर जगातले सगळे संगणक जुंपले तरी जन्म पुरायचा नाही. या भरवशावर जग कित्येक वर्षं निवांत झोपलं. मग क्वांटम यंत्रं आली. ती एकेक शक्यता तपासत बसत नाहीत. त्या संख्यांच्या आत एक लपलेली लय असते, ती ही यंत्रं पकडतात, आणि लय सापडली की किल्ली हातात येते. आधी ही यंत्रं मोजक्या सरकारांकडे होती, नंतर बड्या कंपन्यांकडे गेली, आणि आता तर चक्क भाड्याने मिळू लागली होती. किल्ली हातात आली म्हणजे दुसऱ्याचं बोलणं नुसतं चोरून ऐकता येतं असं नाही. मीच तो पट्टा आहे, असं सोंगही घेता येतं.

म्हणून जुनी कुलूपभाषा कायमची निवृत्त करायचं ठरलं. नभांगणमध्ये ते काम हर्षदाच्या गळ्यात पडलं. ऐकायला सोपं वाटतं, जुनं बंद करा आणि नवं चालू करा. करून बघा म्हणजे कळेल! कुठल्या गावच्या दूध केंद्रातला काटा जुनं बोलतो, कुठल्या दवाखान्यातला लसींचा फ्रिज, कुठल्या इमारतीची लिफ्ट, कुणाला पत्ता नाही. ज्याने यंत्र बसवलं तो नोकरी सोडून गेला, ज्याने विकत घेतलं त्याला ते कसं बोलतं याचा गंध नाही.

त्यावर कंपनीत एक पद्धत होती. जुनी भाषा दहा मिनिटं बंद ठेवायची आणि कोण बोंबलतंय ते ऐकायचं. ज्या यंत्राला नवी भाषा येत नाही ते वेड्यासारखं दार वाजवत सुटतं आणि पडद्यावर लाल ओळींचा पूर येतो. हर्षदाचे साहेब इक्बाल तांबोळी या प्रकाराला शिमगा म्हणायचे. "चला, शिमगा करू," म्हणायचे आणि स्वतः बटण दाबायचे. बोंबललेल्या यंत्रापुढे 'बाकी' लिहायचं, गप्प राहिलेल्यापुढे 'पास'. पासवाल्यांकडे पुन्हा कुणी ढुंकूनही बघायचं नाही, कारण बाकीवाल्यांनीच डोकं उठवलेलं असायचं.

अभयचे पट्टे बाकीमध्येच जाणार, हे न तपासताही माहीत होतं. ते इतके जुने होते की नवी भाषा त्यांच्या चिपमध्ये मावतच नव्हती. नवे पट्टे यायचे होते. कधी येणार ते कुणी सांगत नव्हतं. हर्षदाने त्यांच्यासाठी सवलत मागितली, म्हणजे बाकी सगळ्यांची जुनी भाषा बंद झाली तरी पट्ट्यांची चालू राहील.

"मोडक्या कुलपाला कुलूप म्हणू नकोस, हर्षदा," तांबोळी म्हणाले होते. "बाई बिचारी दाराला कुलूप आहे म्हणून निर्धास्त झोपते. कुलूपच नाही म्हटलं तर निदान जागी तरी राहील."

"सर, बंद केलं तर एकूण एक बाईचा दिवा कायमचा पिवळा होईल. मग तो कुठे आहे हे कळणारच नाही कुणाला. त्यात माझी मंजू आहे."

"म्हणून तर म्हणतोय, या सवलतीवर सही तू करू नकोस."

तिनेच केली. बहिणीची माया आहे, तिला काय बोलायचं!

त्या दिवशी पट्ट्यांना पहिल्यांदाच शिमग्यात घेतलं होतं. फक्त दहा मिनिटं, दिवसाउजेडी, अभयला आगाऊ कळवून. सगळ्या बायकांना निरोप गेले होते की दिवा थोडा वेळ पिवळा होईल, घाबरू नका, चाचणी आहे. मंजूला तर हर्षदाने स्वतः फोन केला होता.

"जाळी लावून बस तेवढा वेळ."

"अगं, लग्नसराईची मिरची आलीय पोत्यांनी. मी दहा मिनिटं हातावर हात धरून बसू?"

"बस. माझ्यासाठी बस."

तांबोळींनी बटण दाबलं. पडदा लालभडक झाला. पट्टेच्या पट्टे बोंबलत सुटले, दार वाजव, दार वाजव, दार वाजव. राज्यभरातल्या मारकुट्या नवऱ्यांच्या घोट्यांवरून एकच गिल्ला उठला. दहा मिनिटं संपली, जुनी भाषा पुन्हा चालू झाली, पूर ओसरला.

"वाटलं होतं तेवढं वाईट नाही गं," तांबोळी चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "पट्ट्यांमधले काही पास झालेत. आणि हे बघ, तुझ्या त्या शेलारचा पट्टापण पास! ढिम्म हलला नाही. चला, तेवढं ओझं कमी झालं."

हर्षदा हसली. खरंच हसली. चहाचा कप तिने तोंडाला लावला आणि तेवढ्यात फोनवर मंजूचा बोललेला निरोप आला. मागे डंकाची धडधड, आणि त्यावर मंजू घसा फोडून ओरडत होती. "ताई, उगाच घाबरवलंस बघ! माझा दिवा पिवळा झालाच नाही. हिरवा तो हिरवाच. मी जाळी उघडीच ठेवलीय, काम चालूय. रात्री ये जेवायला, पिठलं करते!"

तिने कप खाली ठेवला आणि निरोप पुन्हा ऐकला.

पास? पास कसा होईल? रणधीरचा पट्टा बाकीच्यांसारखाच, त्याच जुन्या घाण्यातला. त्याला नवी भाषा यायला तो काय रात्रीतून शाळेत गेला होता? खरा पट्टा असता तर तो बोंबललाच असता. बोंबलणं हीच त्याची खूण होती. जो गप्प राहिला, ज्याने जुनं दार बंद दिसताच गुपचूप नव्या भाषेत "मी इथेच आहे" असं सांगितलं, तो पट्टा नव्हताच. तो कुठेतरी भाड्याच्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम होता. नव्या जमान्यातला, सगळ्या भाषा येणारा. ओळख मात्र त्याने पट्ट्याची चोरली होती, त्याच मोडक्या कुलपाची किल्ली काढून. तिच्या सवलतीने जे दार उघडं राहिलं होतं, त्याच दारातून तो रोज आत येत होता आणि रणधीर घरी आहे, रणधीर घरी आहे, असं घोकत होता.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "पासवाले खोटे आहेत. जे बोंबलले ते खरे. जे बोंबलले नाहीत ते सुटलेले आहेत."

तांबोळींनी पासवाल्यांची यादी उघडली. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

हर्षदाने मंजूला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. डंक चालू असणार, कसा ऐकू येणार! मग अभयच्या कक्षाला लावला. तिकडे एक गोड आवाजाचा पोरगा होता.

"मॅडम, शेलार घरीच आहे. हिरवा दिसतोय."

"तो खोटा हिरवा आहे! गाडी पाठवा, आत्ता!"

"मॅडम, लाल झाल्याशिवाय गाडी निघत नाही. तसा नियमच आहे."

तिने त्याला जी शिवी हासडली ती इथे लिहिता येणार नाही. "सर, तुम्ही पोलिसांना फोन लावा, सिडकोच्या चौकीला," एवढं ओरडून ती जिना उतरली आणि स्कूटर काढली.

अंबड ते सिडको म्हणजे काही लांब नाही. तिला मात्र ते अंतर संपता संपेना. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी सही केली. माझ्या भरवशावर तिने जाळी उघडी ठेवली. मी म्हटलं, हिरवा आहे तोवर तू राणी आहेस. सिग्नल तोडला, कुणीतरी आई काढली, तिने मागे वळून पाहिलं नाही.

गाळ्यासमोर नंबरपाटीच नसलेली गाडी उभी होती. जाळी सताड उघडी. आतून डंकाचा आवाज येत होता, धाड, धाड, धाड, आणि दारातून तिखटाचा लाल धुरळा बाहेर पडत होता.

मंजू पोत्यांना टेकून खाली बसली होती. तिचं तोंड रक्ताने माखलं होतं आणि ती तुटलेले दात थुंकत होती. रणधीर तिच्यासमोर पाय फाकून उभा होता, हातात टॉमी. पँटचा पाय वर सरकला होता, आणि घोट्यावरचा काळा पट्टा तांब्याच्या बारीक जाळीत गच्च गुंडाळलेला दिसत होता. खऱ्या पट्ट्याचा आवाज त्या जाळीने कोंडला होता, आणि खोटा तिकडे संगमनेरात घरी बसला होता.

हर्षदाने त्याच्या पाठीवर झेप घेतली. आयुष्यात तिने कधी कुणाला चापट मारली नव्हती. तिने त्याच्या मानेत नखं रुतवली, कानाला चावली. त्याने तिला झुरळासारखं झटकलं आणि टॉमी फिरवली. तिचा डावा हात मोडला. मोडल्याचा आवाज डंकात बुडाला, तिला फक्त हाताच्या आतून एक कचका जाणवला आणि बोटं लोंबकळायला लागली. ती किंचाळली, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. त्याने तिचे केस धरले, तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला.

"बघ ना तुझा दिवा! बघ! मी तर घरी आहे!"

भिंतीवरचा दिवा शांतपणे हिरवा जळत होता.

"ती मेली तरी मी घरीच होतो!" तो म्हणाला आणि हसला. मग त्याने हर्षदाचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, आणि तिला टाकून मंजूकडे वळला.

हर्षदाच्या डोळ्यांवर रक्त ओघळलं. त्यातून तिला दिसलं ते असं. मंजू उठत होती. टॉमीने फोडलेला तोच गुडघा, आणि तरी ती पोत्याला धरून उठत होती. तिच्या हातात पाटी होती, नुकत्याच कुटलेल्या संकेश्वरी मिरचीने भरलेली. रणधीरने टॉमी डोक्यावर उचलली, आणि मंजूने सगळी पाटी त्याच्या उघड्या डोळ्यांत रिकामी केली.

काय तो आवाज! डंकावरूनही ऐकू आला. रणधीर गुरासारखा हंबरला. टॉमी फिरवत सुटला, आडवी, उभी, जमेल तशी. ट्यूबलाइट फुटली. वजनकाटा उडाला. एक घाव मंजूच्या खांद्याला चाटून गेला आणि ती कोलमडत भिंतीशी गेली, जिथे मोटरचं बटण होतं. तिघांच्याही नाकाडोळ्यांत तिखट गेलं होतं, तिघंही खोकत होते, आंधळ्यांची मारामारी चालली होती. रणधीर मागे सरकला. आणखी मागे. त्याची टाच उखळाच्या कडेला अडखळली आणि तो उताणा पडला, तो थेट डंकाच्या खाली.

पहिलं मुसळ त्याच्या खांद्यावर पडलं. तो उठायला गेला. दुसरं वर चाललं होतं.

मंजूचा हात बटणावर होता.

हर्षदाने ते स्पष्ट बघितलं. बटणावर हात, बोटं पसरलेली. नुसतं दाबायचं होतं. मंजूने तिच्याकडे बघितलं. त्या सुजलेल्या, लाल, पाणावलेल्या डोळ्यांत जबडा होता, गुडघा होता, भाजीतलं मीठ होतं, सगळं होतं. हर्षदाने "दाब" म्हटलं नाही. मान हलवली नाही. काहीच केलं नाही. मुसळ खाली आलं.

मंजूने बटण दाबलं ते त्यानंतर.

डंक थांबला आणि गाळ्यात इतकी शांतता पसरली की बाहेर रिक्षावाल्याचा रेडिओ ऐकू आला. रणधीर हलत नव्हता. तो पुन्हा कधीच हलणार नव्हता, हे सांगायला डॉक्टर लागणार नव्हता. उखळातली मिरची ओली झाली होती.

दोघी बहिणी एकमेकींना घट्ट धरून रडल्या. धाय मोकलून रडल्या. हर्षदाचा मोडका हात मध्ये चेमटत होता आणि तिला तो सोडवावासा वाटत नव्हता. मंजू जिवंत होती. तिच्या तोंडाला रक्ताचा आणि मिरचीचा वास येत होता, आणि ती जिवंत होती.

"ताई," थोड्या वेळाने मंजू म्हणाली. दात गेल्यामुळे तिचे शब्द ओले, बोबडे येत होते. "ताई, ते बघ."

दिवा हिरवाच होता. मंजूने लाल बोटांनी फोन उघडला. नकाशावर रणधीरचा ठिपका संगमनेरच्या घरात होता. दोघी बघत असतानाच तो हलला. घरातून अंगणात आला, फाटकापाशी थांबला, आणि कोपऱ्यावरच्या टपरीच्या दिशेने निघाला. त्याच्या जुन्या दिवसांची नक्कल उतरवून कुणीतरी पैसे घेऊन तो चालवत होतं.

"चहाला निघाला," मंजू म्हणाली.

तेवढ्यात हर्षदाचा फोन वाजला. तांबोळी होते.

"पोलीस निघालेत. मंजू?"

"आहे सर. आहे." मग तिला बाकीचे आठवले. "सर, बाकीचे पासवाले?"

"त्यासाठीच फोन केला. सवलत मी काढून टाकली, माझ्या जबाबदारीवर. खरे पट्टे सगळे गप्प झालेत, त्यांचे दिवे पिवळे झाले, त्या बायका कड्या लावून बसतील. पण हे खोटे हिरवेच आहेत. नवी भाषा येते ना भडव्यांना! त्यांना तोडायला अभयची परवानगी लागते, आणि अभयवाले म्हणतायत, हिरवं चाललंय तर तोडता कशाला." तांबोळींच्या तोंडून तिने पहिल्यांदाच शिवी ऐकली. "मी एकेकीला फोन लावतोय. पटत नाही गं कुणाला. एक बाई लाईनवर आहे, लासलगावची, सुरेखा नाव. म्हणते, चाचणीचा निरोप आला होता, दिवा हिरवा आहे, तुम्ही कोण? तू बोल तिच्याशी. बाईमाणसाचं ऐकेल."

फोन जोडला गेला. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"सुरेखाताई," हर्षदा म्हणाली, "मी नभांगणमधून बोलतेय. आधी दाराला कडी लावा."

"अहो, पण कशाला? दिवा हिरवा आहे की माझा. आत्ता बघितला. ठिपका पार मनमाडला आहे." बाईचा आवाज वैतागला होता. "सकाळपासून काय चालवलंय तुम्ही लोकांनी? कधी म्हणता पिवळा होईल, घाबरू नका. आता हिरवा आहे तर म्हणता घाबरा. आणि दारात कुणीतरी आलंय, गॅसवाला असेल, थांबा जरा..."

"उघडू नका!" हर्षदा ओरडली. "सुरेखाताई, दार उघडू नका! ते यंत्र फसवतंय, त्यांनी जुन्या कुलपाची किल्ली काढलीय, तो प्रोग्रॅम..."

"कसला प्रोग्रॅम? आले हो, आले!" बाई दाराच्या दिशेने कुणाला तरी म्हणाली.

मंजूने हर्षदाच्या हातातून फोन ओढून घेतला. रक्ताने तो निसटत होता, तिने तो दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

"बाई, ऐक," ती म्हणाली. "मीपण पट्टेवाल्याचीच बायको. माझा दिवा सकाळपासून हिरवा आहे. माझा नवरा आत्ता टपरीवर चहा पितोय म्हणे. आणि तो इथे माझ्या पायाशी मरून पडलाय, त्याच्या हातात टॉमी आहे. मेला, आणि अजून हिरवा आहे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दारावर थाप पडली, मग आणखी जोरात पडली.

मग कडी सरकल्याचा आवाज आला, आणि तिच्यामागोमाग वरच्या खिट्टीचा.

"लावली," सुरेखा अगदी हळू आवाजात म्हणाली. "गॅसवाला नाहीये तो."

"मागचं दार आहे?" मंजूने विचारलं.

"आहे."

"मग पळ," मंजू म्हणाली. "फोन चालू ठेव. मी आहे."